साडूंची जीभ

माझे साडू तेहतीस वर्षं दूध तोंडात घेत आले आणि तेहतीस वर्षं ते थुंकत आले. या कामाचा त्यांना पगार मिळत असे.

डेअरीच्या धक्क्यावर पहाटे दुधाचे कॅन उतरायचे. एकेका कॅनचं झाकण निघालं की साडू त्यावर वाकायचे, पहिला वास नाकात भरून घ्यायचे, पळीभर दूध तोंडात घोळवायचे आणि शेजारच्या नालीत पचकन टाकून द्यायचे. मग खिशातला खडू काढून कॅनवर खूण. बरोबर म्हणजे आत. फुली म्हणजे परत. आणि गोल म्हणजे ‘मला कळत नाही, लॅबकडे पाठवा’. तेहतीस वर्षांत त्यांनी गोल दोनदाच काढला. एकदा त्यांचं लग्न दोन दिवसांवर आलं होतं आणि एकदा दाढ दुखत होती. दोन्ही गोल ते तारखेनिशी सांगतात.

राजहंस म्हणे दूध आणि पाणी वेगळं करतो. आमचे साडू ते पाणी कुठल्या विहिरीचं तेही सांगत. गाईनं काल काय खाल्लं, कॅन किती वेळ उन्हात होता, दूध काढणाऱ्यानं हात कुठल्या साबणानं धुतले, सगळं त्यांना एका घोटात कळे. घरात बायको रागावली आहे हे मात्र त्यांना शेजाऱ्यांकडून कळे.

तर या माणसाच्या घरात दुधावरून दोन तट पडले होते.

सकाळी त्यांच्या स्वयंपाकघरात दोन शेगड्यांवर दोन पातेली चढत. डावीकडचं ताईंचं. ताई म्हणजे साडूंची बायको, माझ्या बायकोची थोरली बहीण. त्यांच्या पातेल्यात पिशवीचं दूध, साडूंच्याच डेअरीचं. ज्या डेअरीनं घर उभं केलं तिचं दूध बंद करणं म्हणजे खाल्ल्या घरचे वासे मोजणं, असं त्यांचं मत. उजवीकडचं पातेलं सूनबाईचं. त्यात काचेच्या बाटलीतलं सेंद्रिय दूध. बाटलीवर एका गाईचं चित्र आहे आणि ती गाय हसते आहे.

“तेहतीस वर्षांत मी हसणारी गाय पाहिली नाही,” साडू म्हणायचे. “रवंथातून त्यांना सवडच नसते.”

सूनबाई ऑडिटर आहे. कारखान्याकारखान्यांत जाऊन वजनकाटे, थर्मामीटर आणि नोंदवह्या तपासणं हे तिचं काम. घरीही ती फ्रीजमधल्या प्रत्येक डब्यावर तारखेची चिठ्ठी लावते. तिच्या घरी मुक्कामाला गेलो की दुसऱ्या दिवशी मी आपल्या पाठीवरून एकदा हात फिरवून घेतो.

“आई, त्या गाईंच्या चाऱ्यावर औषधं फवारत नाहीत,” ती सासूला समजावायची. “उठसूट अँटिबायोटिकं टोचत नाहीत. बाटलीवर सगळं लिहिलंय.”

“पिशवीवरही लिहिलंय की.”

“काय लिहिलंय?”

“थंड जागी ठेवा.”

साडूंचा मुलगा दोन्ही पातेल्यांतल्या चहाला ‘छान झालाय’ म्हणतो आणि कामाला पळतो. त्याचा संसार टिकेल.

साडू मात्र या वादात कधी पडले नाहीत, कारण त्यांच्या डोक्यात दुसरंच होतं. निवृत्त होऊन त्यांना चार वर्षं झाली होती. डेअरीत आता यंत्रं आली होती. दुधात नळी बुडवली की पडद्यावर आकडे येत. आणि अशात एक दिवस डेअरीचं पत्र आलं. लॅबच्या प्रमुख मॅडमचं. ही मॅडम एके काळी साडूंच्याच हाताखाली धक्क्यावर शिकलेली. तेव्हा ते तिला ‘ए पोरी’ म्हणत आणि आता ‘मॅडम’ म्हणतात. ती तेव्हाही त्यांना ‘सर’ म्हणे आणि आताही म्हणते. पत्रात लिहिलं होतं की यंत्रं सगळं सांगतात, पण नव्या मुलांना झाकण उघडल्यावर वास घेता येत नाही. तरी सरांनी दर सोमवारी सकाळी दोन तास येऊन त्यांना शिकवावं.

साडूंनी ते पत्र प्लास्टिकच्या पाकिटात घालून छातीच्या खिशात ठेवलं. नवे बूट घेतले. सोमवारची रंगीत तालीम म्हणून ते रविवारीही दाढी करू लागले. पहिल्या तासाला दोन महिने अवकाश होता.

मग त्यांना सर्दी झाली.

सर्दी सगळ्यांनाच होते. पुढचं मला कळलं ते माझ्याच हातून झालेल्या एका चुकीमुळे. ही, म्हणजे माझी बायको, दातांच्या डॉक्टरकडे गेली होती आणि साडू सहज म्हणून आले. मी चहा केला. आमच्याकडे साखर आणि मीठ एकसारख्या बरण्यांत असतं. हिला त्या शेजारी शेजारी सुंदर दिसतात. आत माझं काही काम नाही, असा त्या मांडणीचा अर्थ आहे.

साडूंनी कप तोंडाला लावला, अर्धा संपवला आणि म्हणाले, “झकास झालाय.”

मी माझा घोट घेतला. तो मी बेसिनपर्यंत कसा नेला ते माझं मला ठाऊक. परत आलो तर साडूंचा कप रिकामा.

“आणखी आहे का?”

“साडूभाऊ,” मी म्हटलं, “चहात मीठ पडलंय.”

त्यांनी कप तिरका करून तळ पाहिला. “किती?”

“तीन चमचे.”

“तरीच,” ते म्हणाले, “घशाला जरा भरीव वाटला.”

मग त्यांनी कप खाली ठेवला आणि दार लागलंय ना ते पाहून घेतलं.

“पाहुणे, सर्दी गेली. जाताना नाक घेऊन गेली. नाकाच्या मागोमाग जीभही गेली. सहा आठवडे झाले. कांदा खातो की सफरचंद ते चावताना आवाजावरून ओळखतो. डॉक्टर म्हणतात, येईल परत. कधी, ते म्हणत नाहीत.”

“ताईंना माहीत आहे?”

“तुम्हाला वेडबीड लागलंय का?”

“आणि मॅडमना?”

त्यांनी पत्र बाहेर काढलं, प्लास्टिकवरून हात फिरवला, परत खिशात ठेवलं.

“बारा मुलं आहेत. चार वर्षांत मला कुणी काही विचारलं नव्हतं. इमारतीतल्या बायका अधूनमधून पातेलं घेऊन येतात, दूध नासलंय का बघा म्हणून, तेवढंच. आता हे आलं आणि नेमकं हत्यारच हरवलं. नाक नाही म्हटल्यावर तिथे जाऊन मी काय करू? खुर्ची उबवू? ती घरीही उबवतोच आहे.”

मी त्यांना शब्द दिला की ही गोष्ट माझ्या तोंडून बाहेर जाणार नाही. निवृत्त माणसाचं ऐकायला कुणी नसल्यामुळे असले शब्द पाळणं सोपं जातं.

पण दैव आलं की ते घरच्या वाटेनं येतं. दोन आठवड्यांनी साडूंच्या घरी फ्रीज बिघडला आणि नवा आला. नव्या फ्रीजच्या दारात दुधाला एकच कप्पा. त्यात बाटली उभी राहिली तर पिशवीला जागा नाही, आणि पिशवी बसवली तर बाटलीला. इतके दिवस दोन शेगड्यांवर नांदलेलं प्रकरण एका कप्प्यावर येऊन पेटलं.

“बाबा ठरवतील,” सूनबाई म्हणाली. “डोळ्यांवर पट्टी बांधून. कुठलं दूध कुठलं ते ओळखायचं आणि चांगलं कुठलं ते सांगायचं. बाबा म्हणतील तेच घरात येईल. मी एक शब्द बोलणार नाही.”

“मीही नाही,” ताई म्हणाल्या. आणि मग, आपल्या बाजूच्या न्यायाधीशावर त्यांचा इतका विश्वास की, पुढे कुणी शंका काढू नये म्हणून त्यांनी परस्पर मॅडमना फोन केला. मॅडमना रविवारी सवड होती. सरांना काम करताना पाहून कितीतरी वर्षं झाली, म्हणाल्या. पहिला तास त्याच्या दुसऱ्याच दिवशी होता.

साडूंचा मला फोन आला. “पाहुणे, घात झाला.”

आम्ही बेत ठरवला. बेत माझाच होता, म्हणून त्याबद्दल फार लिहीत नाही. रविवारी मी पाणी प्यायच्या निमित्तानं आत जायचं, कुठल्या पेल्यात बाटलीचं दूध आहे ते पाहायचं, आणि साडूंनी तो पेला उचलला की खोकायचं.

रविवारी दहा वाजता आम्ही पोचलो. बाहेरच्या खोलीत टेबल पुसून ठेवलं होतं. साडू इस्त्रीचा शर्ट घालून ताठ बसले होते. ताईंनी त्यांच्या उजव्या हाताशी एक मोठं स्टीलचं वाडगं आणून ठेवलं, थुंकण्यासाठी. घासून, पुसून, आरशासारखं. मॅडम समोरच्या खुर्चीत मांडीवर वही घेऊन बसल्या होत्या. शांत बाई. चहा विचारला तर म्हणाल्या, “बिनदुधाचा चालेल.”

मी पाणी प्यायला आत गेलो. सूनबाई पाठमोरी उभी होती. ओट्यावर कापलेली पिशवी आणि पाच रिकामे पेले. मी हळूच फ्रीज उघडला. दारात दोन बाटल्या, दोन्हींच्या झाकणांवर कागदाचं सील जसंच्या तसं. दोन्ही गाई माझ्याकडे बघून हसत होत्या.

“काका, तुम्ही बाहेर बसा,” सूनबाई मागे न वळताच म्हणाली. “माहिती फुटता कामा नये.”

“मी काय फोडणार आहे? मी पाणी प्यायला आलोय.”

“तुम्ही पेला घेतला नाहीत. सरळ फ्रीज उघडलात.”

मी पाणी न पिता परत आलो आणि साडूंच्या कानाशी लागलो. “काही कळलं नाही.”

“हं,” ते म्हणाले, आणि डोळ्यांवर काळा पट्टा चढवून घेतला. सूनबाईला तो कधी तरी विमानात मिळाला होता.

तबक आलं. पाच पेले, पाचांवर आकड्यांच्या चिठ्ठ्या. खोलीत इतकी शांतता की भिंतीवरच्या घड्याळाला अवघडल्यासारखं झालं असेल. साडूंनी पहिला पेला उचलला, नाकाशी धरला, घोट घेतला, बराच वेळ घोळवला. सराईत माणूस. चेहऱ्यावर रेषासुद्धा हलली नाही. पेला रिकामा करून खाली ठेवला, दुसरा घेतला.

दुसऱ्या पेल्याला मला खोकला आला. खराखुरा. ही माझ्याकडे रोखून पाहत होती आणि तिनं तसं पाहिलं की माझा घसा कोरडा पडतो. मी दाबायला गेलो, तो दुप्पट वेगानं आला. मॅडमनी वहीतून मान वर केली. हिनं पर्समधून खोकल्याची गोळी काढून माझ्या हातावर ठेवली, जशी लहान मुलाला गप्प बसायला देतात तशी. साडूंचा पेला ओठांशी क्षणभर थांबला. मग त्यांनी तो प्यायला आणि तिसरा घेतला. चौथा. पाचवा.

पाचवा खाली ठेवल्यावर त्यांनी खिशात हात घातला. खडू निघाला. चार वर्षं झाली तरी खिशात खडू होता. पट्टा न काढताच त्यांनी चाचपत पहिल्या पेल्यासमोर टेबलावर एक गोल काढला. मग दुसऱ्यासमोर. असे पाच. चौथा जरा पेल्यावरही चढला. मग पट्टा काढून ते मॅडमकडे पाहत म्हणाले,

“मला कळलं नाही. पाचही सारखीच लागली. लॅबकडे पाठवा.”

ताईंचा चेहरा उतरला. हिनं माझ्याकडे पाहिलं, कारण कुठेही काही बिघडलं की ती आधी माझ्याकडे पाहते. सूनबाई मात्र सावकाश खुर्चीत बसली.

“बाबा,” ती म्हणाली, “पाचही सारखीच आहेत.”

“म्हणजे?”

“पाचांतही पिशवीचंच दूध आहे. आमच्यात आधी काटा तपासतात, मग माल. काट्यावर एकच वजन पाचदा ठेवायचं. पाचदा एकच आकडा दाखवला तर काटा खरा. मला वाटलं होतं, तुम्ही आईंचं मन राखायला काहीतरी ठोकून द्याल. हे दूध, ते दूध, हे गोड, ते पातळ. मी सांगते, दहातले नऊ जण तेच करतात.” तिनं हात जोडले. “तुमची जीभ खरी. माझी तक्रार मागे.”

“तेहतीस वर्षं,” ताई बहिणीला म्हणाल्या. एवढंच म्हणाल्या, पण त्यात सगळं आलं. साडूंचं ‘मला कळलं नाही’ त्यांनी विनयाच्या खाती टाकून दिलं होतं. हिनं मला कोपरानं ढोसलं, जणू या प्रसंगातून मी काही शिकायला हवं होतं.

खोटं बोलून निभावून नेणारी माणसं मी आयुष्यभर पाहिली. खरं बोलून फसलेला माणूस पहिल्यांदाच पाहत होतो. साडू खुर्चीत बसल्या बसल्या अर्धे झाले होते. कारण काटा खरा ठरला होता, आणि सूनबाई माल आणायला आत गेली होती.

दुसरं तबक आलं. आता सील फुटलं होतं. काहींत बाटलीचं, काहींत पिशवीचं. साडूंनी पट्टा पुन्हा चढवला आणि पेल्याकडे हात नेला.

“सर, थांबा जरा,” मॅडम म्हणाल्या.

त्या उठल्या. त्यांनी साडूंच्या उजव्या हाताजवळचं वाडगं उचललं, खिडकीच्या उजेडात तिरकं धरलं, आतून बोट फिरवलं आणि बोट पाहिलं.

“कोरडं आहे.”

कुणाला काही कळलं नाही. साडूंना कळलं. त्यांनी पट्टा काढला.

“धक्क्यावरच्या माझ्या पहिल्या दिवशी,” मॅडम आम्हाला म्हणाल्या, “मी एक घोट गिळला होता. सकाळी काही न खाता आले होते. सरांनी मला तिथल्या तिथे धक्क्यावरून खाली उतरवलं. म्हणाले, गिळतो तो गिऱ्हाईक, थुंकतो तो टेस्टर. दुसऱ्या दिवशी खाऊन ये.” मग त्या साडूंकडे वळल्या. “आज तुम्ही पाच पेले प्यायलात, सर. नाक कधीपासून गेलंय?”

“सर्दीपासून. दोन महिने झाले,” साडू म्हणाले. मग हळूच, “गिळलं हे माझ्या लक्षातच आलं नाही. तोंडात काही आहे असं वाटेना, तर टाकून काय द्यायचं?”

खोलीत पहिला आवाज ताईंचा निघाला.

“दोन महिने?”

“हो.”

“म्हणजे ती भोपळ्याची भाजी?”

साडू पट्ट्याची घडी घालू लागले.

“दोनदा मागून घेतलीत. पस्तीस वर्षांत पहिल्यांदा. आणि त्या शुक्रवारचा भात? ‘हातची चव काही औरच’ म्हणालात. मी बहिणीला फोन करून सांगितलं.”

“सांगितलं होतं,” ही म्हणाली.

“मला वाटलं, निवृत्त होऊन माणूस सुधारला,” ताई म्हणाल्या. “आणि यांचं नाक बंद.”

साडूंच्या मदतीला जावं म्हणून मी म्हटलं, “ताई, मुद्दाम नव्हतं हो. माझ्याकडे मिठाचा चहासुद्धा त्यांनी तसाच प्यायला.”

“तुम्हाला माहीत होतं?” ही म्हणाली.

“तसं थोडंसं.”

“आणि मिठाचा चहा कसा झाला?”

तेव्हा माझ्या लक्षात आलं की मी शेजारची आग विझवायला आपल्या घरातून पेटतं लाकूड आणलं होतं.

“म्हणजे पहिली फेरी रद्द,” सूनबाई बारीक आवाजात म्हणाली. तिला वाईट वाटत होतं, पण पद्धत ती पद्धत. “काटा बंद होता, म्हणून पाचदा सारखं दाखवलं.” मग तिनं तबकाकडे पाहिलं. “आणि हे दूध आता ओतलंय. बाकीच्यांना तर नाक आहे ना?”

म्हणून आम्ही चाखलं. नाकं शाबूत असलेली चार माणसं. हिला सगळ्याच पेल्यांत स्टीलचा वास आला. मी दोन पेल्यांना सेंद्रिय म्हटलं, त्यांतला एक पिशवीचा निघाला. पेले सूनबाईनंच भरले असल्यामुळे तिला ओळखायची बंदी होती; तरी तिनं एक चाखून “बघा, किती स्वच्छ लागतंय” म्हटलं आणि चिठ्ठी पाहून जीभ चावली. ताईंनी मात्र चौथा पेला ओठांना लावताच डोळे मिटले.

“हे आपलं,” त्या म्हणाल्या. “डेअरीचं. याला म्हणतात दूध. हे मी झोपेतसुद्धा ओळखीन.”

ते बाटलीचं होतं.

“मॅडम, तुम्हीच सांगा आता,” सूनबाई म्हणाली. “फरक आहे की नाही?”

“फरक गोठ्यात असतो,” मॅडम म्हणाल्या. “चारा कसा पिकवला, जनावर कसं ठेवलं, औषध कधी दिलं, याचा. ते हवं असेल तर बाटली घ्या, चांगलंच आहे. पोटात गेल्यावर प्रोटीन, कॅल्शियम दोन्हीत जवळजवळ सारखंच. हिरव्या चाऱ्यावर चरणारी गाय असेल तर स्निग्धांशात थोडा फरक पडतो. अँटिबायोटिकांची तपासणी पिशवीच्या दुधाचीही होते, ती तर मीच करते. आणि चव म्हणाल तर ती ऋतूची, चाऱ्याची, आणि कॅन उन्हात किती वेळ राहिला त्याची.”

“मग तुमच्या घरी कुठलं येतं?” ताईंनी विचारलं. सगळा निकाल आता यावर होता.

“येत नाही,” मॅडम म्हणाल्या. “मला दूध पचत नाही.”

तेवढ्यात साडूंनी छातीच्या खिशातून प्लास्टिकचं पाकीट काढलं आणि टेबलावर, पाच गोलांच्या मधोमध, मॅडमच्या दिशेनं सरकवलं.

“हे परत घ्या. उद्या मुलांना सांगा, सरांना बरं नाही. खोटं नाही ते.”

मॅडमनी पाकिटाला हात लावला नाही.

“सर, तीन महिन्यांत या बारा जणांनी किती गोल काढले असतील?”

“किती?”

“एकही नाही. प्रत्येक कॅनला बरोबर नाहीतर फुली. मागच्या आठवड्यात एक आंबलेला कॅन बरोबर होऊन आत गेला आणि सबंध टाकी ओतून द्यावी लागली. तिघांनी चाखला होता. तिघांनाही शंका आली होती, मी एकेकाला विचारलं. पहिल्यानं बरोबर केलं, म्हणून दुसऱ्यानं केलं, आणि दोघांनी केलं म्हणून तिसऱ्यानं. वास मी शिकवीन. यंत्रही शिकवेल. पण ‘मला कळत नाही’ म्हणायला कोण शिकवणार? तुम्ही आज बायकोसमोर, सुनेसमोर आणि माझ्यासमोर पाच गोल काढलेत.”

“माझा नाइलाज होता.”

“नाइलाज त्यांचाही होतो, सर. ते बरोबर काढतात.” त्यांनी पर्स उचलली. “उद्या आठ वाजता. आणि येताना खाऊन या.”

त्या गेल्यावर साडू माझ्याकडे वळले.

“पाहुणे, दुसऱ्या पेल्याला खोकलात ना?”

“खरा खोकला होता तो.”

“मला वाटलंच,” ते म्हणाले. “म्हटलं, तुमच्या भरवशावर राहण्यापेक्षा गोल बरा.”

रात्री पुन्हा फोन. उद्या सकाळी माझ्या हातचा चहा हवा होता, थर्मासभर. “साधा नको,” साडू म्हणाले. “परवाचा. तीन चमचेवाला. माणसांच्या मानानं वाढवा.”

सोमवारी आठ वाजता मी डेअरीत साडूंच्या शेजारी थर्मास घेऊन उभा होतो. पांढरे डगले घातलेली बारा मुलंमुली. साडूंचे बूट करकरत होते. त्यांनी स्वतःची ओळख करून दिली नाही, गाईबद्दल बोलले नाहीत. प्रत्येकाच्या हातात कागदी कप दिला आणि म्हणाले, “आधी चहा. माझ्या साडूंनी मुद्दाम पहाटे उठून केलाय. कसा झालाय ते एकेकानं सांगा.”

पहिल्यानं घोट घेतला. त्याच्या गळ्यातली घाटी वर गेली आणि बराच वेळ खाली आली नाही. “छान, सर.”

“उत्तम, सर,” दुसरा म्हणाला.

तिसरीला आवडला. चौथ्यानं गावाकडची आठवण येते म्हणून सांगितलं. पाचव्यानं विचारलं, यात काही औषधी आहे का, घशाला मोकळं वाटतंय. सहाव्यापासून आठव्यापर्यंत सगळ्यांनी माझ्याकडे पाहून मान डोलावली. आयुष्यात माझ्या कुठल्याही कृतीला इतकी दाद मिळाली नव्हती आणि खरं सांगतो, मी क्षणभर हुरळलो.

नववी मुलगी बुटकी, चष्मेवाली. तिनं घोट घेतला, थांबली, आजूबाजूला आठ हसऱ्या चेहऱ्यांकडे पाहिलं आणि मग नालीपाशी जाऊन तो टाकून दिला.

“सर, सगळ्यांना छान लागलाय, त्यामुळे माझी मला खात्री नाही,” ती म्हणाली. “पण यात मीठ आहे असं वाटतं.” आणि माझ्याकडे वळून, “सॉरी हं, काका.”

साडूंनी खिशातला खडू काढून तिच्या हातात दिला.

त्यानंतर उरलेल्या तिघांनाही मीठ लागलं. बाराव्याला तर जरा जास्तच लागलं.

तेव्हापासून दर नव्या तुकडीच्या पहिल्या सोमवारी हा चहा मीच करतो. ही आता बरण्यांवर चिठ्ठ्या लावते. सूनबाईचा गुण लागला. साडूंच्या फ्रीजच्या दारात एक दिवस बाटली असते, एक दिवस पिशवी, आणि ताई कुठल्याही दिवशी चाखून ‘हे आपलं’ म्हणतात. भोपळ्याची भाजी मात्र त्यांनी त्या रविवारनंतर केलेली नाही.

गेल्या आठवड्यात साडू सहज म्हणून घरी आले. मी चहा दिला. साखरेचाच, चिठ्ठी दोनदा वाचून. त्यांनी घोट घेतला आणि थांबले. कप नाकाशी नेला. पुन्हा एक घोट घेतला, तोंडात घोळवला, आणि उठून बेसिनमध्ये टाकून आले.

“काय झालं?” मी विचारलं.

“यात काहीतरी आहे,” ते म्हणाले.

“काय आहे?”

साडूंनी खिशातून नवा खडू काढला आणि हिच्या पॉलिशच्या टेबलावर, कपाच्या शेजारी, एक गोल काढला. ही काही म्हणायच्या आत त्यांनी भिंतीवरच्या कॅलेंडरकडे पाहून तारीख पाठ केली.

दोन, पाच आणि हा एक. आठही ते आता तारखेनिशी सांगतात.